आप्पांच्या वह्यांमधल्या फुल्या आणि गोळे कुणाला वाचता येतील का?

वाघूरकाठ

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती आणि क्रिकेटच्या धाग्यांवरच डोकावतो. स्वतः धागा काढायची पहिलीच वेळ, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझे काका, ज्यांना आख्खं गाव आप्पा म्हणायचं, गेल्या पौषात गेले. ८१ वर्षांचे होते. पेशाने वनस्पतिरोगशास्त्रज्ञ, सगळी नोकरी केळीच्या रोगांवर, सरकारी संशोधन केंद्रात. संध्याकाळी तबला. गावच्या भजनी मंडळात पखवाज अडला तर पखवाज. निवृत्तीनंतर (आणि थोडं आधीपासूनच) दर रविवारी सातपुड्याच्या पाड्यांवर सिकलसेलच्या (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणीला. आम्हा घरच्यांना यात कधी विशेष वाटलं नाही. आप्पा म्हणजे असंच असायचं. शेजारच्यांच्या घरात काका संध्याकाळी टीव्ही बघायचे, आमच्याकडे तबला ठोकायचे, एवढाच फरक.

परवा काकूने ट्रंक उघडायला लावली. निघालं ते असं: पुठ्ठ्याच्या ४३ वह्या, दोन तबले (एकाची शाई, म्हणजे मधला काळा गोल, पार उडालेली), एक डग्गा, काचेच्या बारीक नळ्यांची खोकी, आणि एका बरणीत मक्याचे दाणे, निम्मे तसेच आणि निम्मे लाल रंगवलेले.

अडचण वह्यांची आहे. त्यांवर नाव नाही, साल नाही, मथळा नाही. नुसते पानांचे क्रमांक आणि खुणा. काही पानांवर फुल्या आणि शून्यं, ओळीने. काही पानांवर फुली, २, शून्य, ३. काहींवर चौकोन आणि गोळे, रेघांनी जोडलेले, त्यातले काही अर्धे काळे. अक्षर आप्पांचंच, पण समजत काही नाही. चुलतभाऊ म्हणतो रद्दीत द्या. मला ते जिवावर येतंय.

एक आठवण सांगतो म्हणजे माणूस कळेल. पावसाळ्यात सगळे विचारायचे पाऊस किती झाला, आप्पा मोजायचे ते आभाळ किती दिवस भरून आहे. आठवीत असताना मला एका बागेत घेऊन गेले. कोवळं पान ओढून उन्हाकडे धरलं. "काय दिसतं?" मी म्हटलं, पान. "नीट बघ." मग दिसले पिवळट पट्टे, तुटक तुटक, खडूने रेघ ओढताना मधेच खडू उचलावा तसे. पुढच्या झाडाचा पोंगा, म्हणजे मधलं गुंडाळलेलं कोवळं पान, बोटांनी दाबला, आत पिचपिचीत सडलेला. घाण वास. आप्पा बांधावरच्या मालकाला म्हणाले, "हे उपटा, आणि पलीकडचं पण." तो नुसता उभा. "साहेब, जिवावर येतं हो." आप्पांनी पायजमा वर खोचला आणि स्वतःच उपटायला लागले. घरी येताना सायकलवर एक शब्द बोलले नाहीत. रात्री मात्र तबला फार वेळ चालला होता.

तर, या खुणा कुणाला वाचता येतील का? आणि वाचता आल्या तर या वह्यांचं करायचं काय?

शेवभाजी_स्पेशल

पहिला नंबर माझा! सुंदर लिहिलंय. पान ४-५ चे फोटो टाका, इथे एकेक हुन्नरी लोक आहेत. रद्दीत अजिबात देऊ नका.

अवांतर: वाघूरकाठ म्हणजे नक्की कुठलं? आम्ही नशिराबादचे.

तिरकिट

फुली, २, शून्य, ३ हे तर सरळ आहे हो. तालाची लिपी. फुली म्हणजे सम, शून्य म्हणजे खाली, २ आणि ३ म्हणजे पुढच्या टाळ्या. सोळा मात्रांचा तीनताल: पहिलीला सम, पाचवीला दुसरी टाळी, नवव्या मात्रेला खाली, तेराव्याला तिसरी टाळी. त्या खुणांच्या खाली बोल लिहिलेले असतील तर कायदा किंवा रेला (तबल्यावरच्या ठरीव रचना) असणार. फोटो टाकाच, काय वाजवत होते ते सांगतो.

बाकी शाई उडालेला तबला टाकू नका. शाई नव्याने चढवून मिळते. लोहकीट आणि खळ यांचे थरावर थर द्यायचे आणि दर थराला दगडाने घोटायचं, बारीक भेगा पडेपर्यंत. त्या भेगा पाहिजेतच. नवशिक्यांना वाटतं तबला तडकला.

वाघूरकाठ

@शेवभाजी, साकेगावच्या अलीकडे. म्हणजे आपण शेजारीच की.

@तिरकिट, पाच पानांचे फोटो डकवलेत. पान ७ आणि १२ वर बोल आहेत. पान १८ वर नुसत्या फुल्या-शून्यं, आणि पान २६ वर चौकोन-गोळे. पान ४१ आम्हाला सगळ्यात अवघड वाटतंय.

तिरकिट

७ आणि १२ तीनतालच. बाराव्यावर 'धिरधिर' हाताला बसत नसावं, तीच ओळ अकरा वेळा लिहिलीये, शाळेत शिक्षा झाल्यासारखी! पण १८ ताल नाही. एका ओळीत २२ खुणा आहेत आणि फुल्यांना काही हिशेबच नाही. असा ताल असता तर आम्ही सगळे शेती करत असतो.

कांदेबाग

शेतीच आहे ती भाऊ :)

रावेर तालुक्यातला केळीवाला बोलतोय. पान १८ म्हणजे बागेचा नकाशा. शून्य म्हणजे उभं झाड, फुली म्हणजे हरण्या लागलेलं, उपटायचं. पाच बाय पाचवर लागण असली की एकरी १,७४२ झाडं बसतात. हा माणूस एकेक झाड चालत मोजत गेलाय. वरच्या कोपऱ्यात बघा, बांधाच्या बाजूला फुल्यांची गर्दी आहे आणि आत जाताना विरळ. बांधापलीकडे 'का' लिहिलंय. कापूस किंवा काकडी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हरण्या म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस. नाव काकडीचं, पण मिरची, टोमॅटो, भोपळा, तण, कुणालाही सोडत नाही. पसरवतो मावा. आणि हा मावा केळीवर राहायला येतच नाही, नुसता चाखून बघतो. चाखायला काही सेकंद पुरतात, तेवढ्यात विषाणू तोंडाला लागतो आणि पुढच्या झाडाला दिला जातो. म्हणून नुसत्या फवारणीवर हा रोग आवरत नाही, मावा मरायच्या आधीच काम करून गेलेला असतो. बांधावरची काकडी-भोपळा काढा, तण काढा, मावा आटोक्यात ठेवा, आणि लागलेलं झाड दिसल्याबरोबर उपटून लांब नेऊन गाडा. खात्याचे लोक अजून हेच सांगतात आणि आम्ही अजून ऐकत नाही. एक झाड उपटायचं म्हटलं तरी हात थरथरतो. मृगबागेत (पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेल्या बागेत) ऑगस्टचं झाकोळ आलं की माझी आजही झोप उडते.

तुमचे आप्पा आमच्याकडे आलेले असू शकतात. माझ्या वडलांच्या तोंडी एक 'फुलीवाला साहेब' असायचा. खिशात चुन्याची पुडी ठेवायचा आणि उपटायच्या झाडाच्या खोडावर फुली मारायचा. तो हाच असेल असं मी म्हणत नाही, पण असला तर मला आनंद होईल.

वाघूरकाठ

कांदेबाग, चुन्याची पुडी! त्यांच्या सगळ्या सदऱ्यांचे खिसे पांढरे असायचे. काकू म्हणायची, हा माणूस तंबाखू खात नाही आणि चुना मात्र बाळगतो. मला आत्ता कळतंय.

प्रश्नांकित

धाग्याचा मूड बिघडवतोय, पण कुणीतरी विचारायला हवं. आप्पांबद्दल आदर आहेच. तरी एक शास्त्रज्ञ म्हणून त्यांचं योगदान काय? शोधनिबंध किती? नवीन वाण? आपल्याकडे एखादा माणूस चार गोष्टी करत असला की आपण भारावतो, 'अष्टपैलू' म्हणून मोकळे होतो. मी स्वतः संशोधनात आहे. हे काम पूर्ण वेळ मागतं, संध्याकाळसुद्धा मागतं. तबला आणि पाडे या दोन्हींतून जे उरलं त्यातून केळीला किती मिळालं? विदा (डेटा) असेल तर द्या, नसेल तर ही फक्त काकांची आठवण आहे. तसं असायलाही माझी हरकत नाही, फक्त तसं म्हणा.

शेवभाजी_स्पेशल

आले काडी टाकायला.

प्रश्नांकित

काडी नाही, प्रश्न आहे. नाव वाचा.

वाघूरकाठ

प्रश्न रास्त आहे. निबंध फार नाहीत, ट्रंकेत मिळालेल्या छापील प्रती सहा. बढती उशिरा मिळाली आणि एकदा तर हातातोंडाशी आलेली गेली. वरच्या साहेबांचं म्हणणं होतं की हे गृहस्थ शेतात जास्त आणि टेबलावर कमी असतात. आप्पा त्यावर चिडले नाहीत असं नाही, चांगले चिडले होते. दोन दिवस जेवणात मीठ कमी-जास्त काढत होते.

ध्वनिलहर

प्रश्नांकित यांना थोडं उत्तर, थोडं अवांतर.

चंद्रशेखर वेंकट रामन १९०७ ते १९१७ अर्थखात्यात नोकरी करत होते आणि ऑफिस सुटल्यावर कलकत्त्याच्या बहूबाजारातल्या प्रयोगशाळेत जात होते. आणि तिथे त्यांनी वेळ कशावर घालवला? वाद्यांवर. साधा ताणलेला गोल पडदा घेतला आणि त्याच्या मूळ कंपनाला १ मानलं, तर पुढची कंपनं १.५९, २.१४, २.३० अशी आडवीतिडवी येतात. कुणाचं कुणाशी जमत नाही. म्हणून नुसत्या ढोलाला ठोका असतो, सूर नसतो. मृदंग-तबल्यावरच्या शाईने हीच कंपनं १, २, ३, ४, ५ च्या जवळ येऊन बसतात. यावर १९२० साली 'नेचर'मध्ये त्यांचं आणि एका सहकाऱ्याचं टिपण आलं, १९३४ साली त्यांनी सविस्तर निबंध लिहिला. त्यात पडद्यावर बारीक वाळू पसरून कंपनांच्या आकृत्या दाखवल्या आहेत. तंबोऱ्याच्या जवारीवरही (तारांना गुंजन देणारी घोडीची घडण) त्यांचं काम आहे. नोबेल प्रकाशाला मिळालं, पण कान आधीपासून तयार होता.

सत्येंद्रनाथ बोस इसराज (गजाने वाजवायचं तंतुवाद्य) वाजवायचे. ते वाजवून त्यांचं संख्याशास्त्र बिघडलं असं कुणी म्हटलेलं नाही.

प्रश्नांकित

रामन आणि बोस ही उदाहरणं नेहमी येतात आणि नेहमी चुकीच्या बाजूने येतात. ते महान होते म्हणून त्यांचा इसराज आपल्याला आठवतो. इसराज वाजवणारे बाकीचे हजार प्राध्यापक कुठे गेले?

(वाळूचा भाग माहीत नव्हता. धन्यवाद.)

वाघूरकाठ

ध्वनिलहर, तुम्ही वाळू म्हणालात आणि माझ्या डोक्यात लख्ख पडलं. आप्पा तबल्यावर रवा टाकायचे! बारीक रवा, चिमूटभर. मग अनामिका शाईच्या कडेला टेकवून चाटेवर (पुडीच्या काठावर) तर्जनी मारायची, 'ना'. रवा उड्या मारत ठरावीक रेघांवर जमायचा. आम्हा पोरांना ती जादू वाटायची. पखवाजाच्या डाव्या बाजूला कणीक लावायच्या आधी आणि नंतर असं दोनदा वाजवून दाखवायचे. आधी भदभद, नंतर खोल 'घुम्'. मग विचारायचे, "कणकेने काय केलं?" आम्ही म्हणायचो, गोड केलं. काकू आतून ओरडायची की रवा शिऱ्याला आणलाय.

शाळेत हा प्रयोग त्यांनी कितीदा केला असेल कोण जाणे. जिथे बोलावतील तिथे जायचे, पिशवीत तबला आणि रव्याची पुडी. मोबदला म्हणजे एखाद्या मास्तरांच्या घरी भरीत-भाकरी. पऱ्हाटीवर भाजलेलं भरीत असेल तर यायला हमखास उशीर.

धुळे_टू_टोरांटो

'इसराज वाजवणारे बाकीचे हजार' यावर. आमच्या धुळ्याचे जगन्नाथ वाणी आठवतात का कुणाला? कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. रामन नव्हेत, बोसही नव्हेत. वर्गात शिकवणारे, संशोधन करणारे प्राध्यापक. पत्नीला स्किझोफ्रेनिया झाला. ते दुःख त्यांनी झाकून ठेवलं नाही, पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. 'देवराई' सिनेमा २००४ साली आला, त्याच्यामागे हेच होते. त्या सिनेमाआधी आमच्या ओळखीच्या घरांत या आजाराला 'डोकं फिरलंय' याच्या पुढचा शब्द नव्हता. कॅलगरीत हिंदुस्थानी संगीताच्या मैफली भरवायच्या तरी हेच पुढे. 'ऑर्डर ऑफ कॅनडा' मिळाला. २०१७ साली गेले.

मला त्यांच्याबद्दल एकच गोष्ट फार वाटते. संख्याशास्त्रवाल्याला आकडा कळतो, 'शंभरात एकाला' वगैरे. त्यांच्या घरात तो एक होता, आणि तरी त्यांना बाकीचे 'एक' दिसले. मी इथे बर्फ उपसत असतो तेव्हा असे लोक आठवून लाज वाटते, बस. संस्था-बिंस्था माझ्याच्याने होणार नाही.

कांदेबाग

+१. वाण्यांबद्दल माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

सिस्टरताई

धागा आजच पाहिला, ड्यूटी होती. नंदुरबार जिल्ह्यात नर्स आहे, २२ वर्षं झाली, त्यातली बरीच अक्राणी-अक्कलकुवा भागात.

वाघूरकाठ, पान २६ चा फोटो आधी काढून टाका. ती वंशावळ आहे. चौकोन म्हणजे पुरुष, गोळा म्हणजे बाई, आडवी रेघ म्हणजे लग्न, खालच्या रेघा म्हणजे मुलं. अर्धा काळा म्हणजे सिकलचा वाहक (दोष अंगात आहे पण आजार नाही), पूर्ण काळा म्हणजे आजारी. खाली बारीक अक्षरात पाड्याचं नाव आणि आडनाव आहे. अशा कागदावरून मुलींची लग्नं मोडतात. मी मोडताना बघितली आहेत.

वाघूरकाठ

काढला. संपादकांनाही कळवलंय. माफ करा, लक्षातच आलं नाही.

सिस्टरताई

ठीक आहे हो, तुम्हाला कसं कळणार. आता सावकाश सांगते.

त्या काचेच्या नळ्या सोल्युबिलिटी टेस्टच्या. बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, नळीतल्या द्रावणात टाकायचा, पाच-दहा मिनिटं थांबायचं. नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर काळजी नाही. रेघा दिसेनाशा झाल्या, द्रावण गढूळ झालं, तर सिकल आहे. पण वाहक की आजारी हे यात कळत नाही, त्याला पुढे इलेक्ट्रोफोरेसिस ही प्रयोगशाळेतली तपासणी लागते. चूक केवढीशी? हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडच्या ऐवजी व्हॅलीन. तेवढ्याने तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक नसांत अडकते, आणि पोर हाडं धरून रात्रभर ओरडतं. वाहकाला सहसा काही होत नाही, उलट मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं, म्हणूनच मलेरियाच्या जंगलपट्ट्यात हा दोष टिकला. भिल्ल, पावरा या आमच्या लोकांमध्ये तो आहे. आता केंद्राचं मिशन आलंय, २०२३ पासून, २०४७ पर्यंत हा आजार संपवायचं म्हणतात. पण आधीची कितीतरी वर्षं असेच रविवारचे लोक यायचे.

मक्याचे दाणे कशाला ते मला माहीत आहे, पण तुम्हीच सांगा. तुम्ही पाहिलं असेल.

वाघूरकाठ

पाहिलंय. एकदा गेलो होतो सोबत, चोपड्याच्या वरच्या अंगाला. कॉलेजात होतो, जीपमध्ये बसायला मिळेल म्हणून गेलो, खरं सांगतो.

आप्पा नवऱ्याच्या मुठीत एक पांढरा, एक लाल दाणा द्यायचे, बायकोच्या मुठीत तसेच दोन. दोघं वाहक, म्हणजे दोघांकडे एकेक लाल. मग दोघांनी न बघता एकेक दाणा काढून मध्ये ठेवायचा. ते त्यांचं पोर. दोन्ही लाल आले तर आजारी. लोकांना वाटायचं, चारात एक म्हणजे एक झाला, आता पुढची तीन सुटली. हा गैरसमज शब्दांनी जात नव्हता, आप्पांनी सगळं करून बघितलं होतं. म्हणून दर वेळी दाणे परत मुठीत टाकायचे आणि पुन्हा काढायला लावायचे. "मक्याला मागचं आठवत नाही," म्हणायचे.

त्या दिवशी एका बाईने आणि तिच्या नवऱ्याने सलग दोनदा लाल-लाल काढलं. पहिल्यांदा सगळे हसले. दुसऱ्यांदा ती हसायची थांबली. आप्पांनी बरणी बंद केली, तिच्याजवळ जाऊन बसले, आणि बराच वेळ नुसते बसून होते. परतताना मी विचारलं, तुम्ही काही बोलला का नाहीत? म्हणाले, तिला आधीच दोन आजारी आहेत, मला माहीत नव्हतं.

प्रश्नांकित

...

माझा प्रश्न मागे घेत नाही. पण आज काही लिहीत नाही.

मोडीवाला

वह्यांचं करायचं काय, यावर. आपल्या धुळ्यातच वि. का. राजवाडे १९२६ साली वारले. हयातभर गावोगाव पायपीट करून वाड्यांच्या माळ्यांवरून कागद गोळा केले, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड काढले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात आजही आहे. तिथे जुनी दफ्तरं बघितली की कळतं, महत्त्वाचा कागद आणि रद्दी यांत त्या त्या वेळी काही फरक नसतो. तुमचे कागद इतिहासाचे नाहीत, तेव्हा तिकडेच द्या असं म्हणत नाही. पण वेगळे करा. बागांचे नकाशे एका बाजूला, ते कृषीच्या एखाद्या विद्यार्थ्याला सोन्यासारखे. तबल्याची पानं तिरकिटना. सिकलच्या वह्या सिस्टरताई म्हणतात तशा कुलपात.

ऊन नको, प्लॅस्टिकची पिशवी तर मुळीच नको. जुन्या धोतरात बांधा.

मोडीवाला

द्विरुक्ती. प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

तिरकिट

पण पान ४१ राहिलंच की! तीन दिवस मी त्यावर डोकं लावतोय. सहा ओळी, ओळीत पाच खुणा, एकूण ३०. त्यात ११ रिकामे गोळे, १७ अर्धे काळे, २ फुल्या. १५ मात्रांची पंचम सवारी धरली तर दोन आवर्तनं बसतात, पण अर्ध्या गोळ्याला आमच्याकडे खूण नाही.

कांदेबाग

बाग नाही. पाच झाडांच्या सहा ओळी म्हणजे परसबाग झाली. अर्धा गोळा म्हणजे संशयित झाड म्हणावं तर ३० मध्ये १७ संशयित? मग ती बाग नांगरायला हवी, मोजायला नको.

सिस्टरताई

वंशावळही नाही. एकही चौकोन नाही, जोडरेघा नाहीत. ३० बायका आणि १७ वाहक? शक्य नाही.

ध्वनिलहर

रव्याच्या आकृत्यांची नोंद? प्रत्येक गोळा म्हणजे एक तबला, काळं म्हणजे जिथे रवा जमला?

शेवभाजी_स्पेशल

मला काय कळतंय, पण ३० म्हणजे महिन्याचे दिवस नसतील ना?

तिरकिट

शेवभाजी, तुम्ही खाण्याच्या धाग्यावर जा बरं. ध्वनिलहरांचं पटतंय मला. १७ वेळा अर्धवट आकृती आली असणार.

प्रश्नांकित

पान ४१ वर मत नाही. पण एक वेगळा प्रश्न, आणि हा काडी म्हणून नाही. या सगळ्यात घरी कोण होतं? माझ्या बायकोने हा धागा वाचला आणि एवढंच विचारलं.

वाघूरकाठ

उशिरा येतोय, गावी गेलो होतो. बरंच काही.

कांदेबागांनी फोन नंबर दिला होता, त्यांच्या वडलांशी बोललो. फुलीवाला साहेब आप्पाच. सायकल, चुना, पायजमा, सगळं जुळलं. वडील म्हणाले, त्या माणसाने माझ्या बागेतली झाडं उपटली म्हणून मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. मग फोनवर बराच वेळ गप्प होते.

शाई उडालेला तबला भुसावळला दुरुस्तीला दिलाय. बागांच्या १९ वह्या वेगळ्या केल्या. सिकलच्या आठ, त्या कपाटात कुलूप लावून. सिस्टरताई, किल्ली काकूकडे आहे. बाकी तबल्याच्या आणि सटरफटर.

आणि पान ४१. काकू ओसरीवर वाल सोलत बसली होती. तिला धागा वाचून दाखवला, सगळ्यांचे प्रतिसाद, पंचम सवारी आणि रव्यासकट. रव्याला हसली. मग मोबाइलवर फोटो मोठा करून दाखवला. चष्मा लावला, बघितलं, म्हणाली, "अरे, हे माझं पान आहे. दुधाचं."

कोरी वही मिळाली नाही म्हणून आप्पांच्या वहीतलं एक पान तिने घेतलं होतं. रिकामा गोळा म्हणजे एक लिटर. फुली म्हणजे गवळी आला नाही. अर्धा काळा म्हणजे अर्धा लिटर.

मी विचारलं, "एवढं अर्धा लिटर का?"

म्हणाली, "ते घरी नसले की मला एकटीला लिटर कशाला लागतं?"

(शेवभाजी, महिन्याचे दिवस तुम्हीच ओळखलेत. भरीत माझ्याकडून.)

ती वही आता तिच्याकडे आहे. परत मागितली तर नाही म्हणाली, अजून पुढच्या महिन्यांची पानं बघायचीत.